चौथा कोपरा

१

मंगळवारी सकाळी साडेसातला नोराबाई सुहासिनी दिघ्यांच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या एका पायात चामड्याची चप्पल होती आणि दुसऱ्यात रबराची. हिर्डोशीहून पहिली एस.टी. पकडायची तर वरच्या वस्तीवरून झुंजूमुंजू असतानाच उतरावं लागतं, त्यामुळे चपलांचं एवढं काही नाही. पण भोरच्या स्टँडवर उतरून, बाजारपेठ ओलांडून इथवर येईपर्यंत नोराबाईंना ते कळलंच नव्हतं. हे बघितल्यावर सुहासिनीबाईंनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"बाई, माझा पासपोर्ट गेला," नोराबाई म्हणाल्या.

नोराबाई मूळच्या आयर्लंडच्या. चौतीस वर्षांपूर्वी एका संस्थेबरोबर शेळ्यांच्या रोगांचा अभ्यास करायला दोन वर्षांसाठी म्हणून आल्या. संस्था गेली, रोग राहिले आणि त्यांच्याबरोबर नोराबाईही राहिल्या. मराठी शिकल्या ती धनगरवस्तीवर, म्हशीच्या शेपटाशी उभं राहून. गोरी बाई "आमी न्हाई येत" म्हणाली की भोरातली शिकलेली मंडळी गालात हसतात. सुहासिनीबाई कधी हसल्या नाहीत. ज्या माणसाचा अर्ज एकदाही त्रुटीसाठी परत येत नाही, त्या माणसाला त्या हसत नसत.

सुहासिनीबाईंनी प्रांत कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलं होतं. आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद, गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद. त्यांच्या टेबलावरून एक चिठ्ठीसुद्धा गहाळ झाली नाही, हा त्यांचा एकुलता एक गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत. निवृत्तीनंतर लोक हरवलेले कागद शोधायला त्यांच्याकडे येऊ लागले. साहेबांची सही झालेला पण टपालात न सापडणारा आदेश, दुसऱ्याच गावच्या गठ्ठ्यात बांधलेला फेरफार, असलं काय काय. "कागदाला पाय नसतात, त्याला नेणारा असतो," असं त्या म्हणत. आणि नेणारा सापडला की कागद सापडतो.

"बसा. पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

पहिल्यापासून म्हणजे सात वर्षं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली त्याने नागरिकत्वाचा अर्ज केलेला नसावा. पोलिसांची चौकशी, वर्तमानपत्रात जाहिराती, मराठी येतं याचे दाखले, वर्तणूक चांगली असल्याची शपथपत्रं. शेवटी दिल्लीचं पत्र आलं. अर्ज मान्य, पण आधी जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्या. नोराबाईंनी आपल्या देशाला लिहून दिलं की यापुढे मी तुम्हाला परकी आहे. ज्या गावात आई पुरली आहे, त्या गावाला परकी. त्या लिहून दिलेल्याचा शिक्क्याचा कागद आणि रद्द केलेला पासपोर्ट गेल्या शुक्रवारी एकाच पाकिटातून आला. दोन्ही अस्सल घेऊन येत्या गुरुवारी अकरा वाजता पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हजर व्हायचं, शपथ घ्यायची. दिल्लीच्या पत्राची मुदत शुक्रवारी संपते. इथे राहायचा परवानाही त्याच पासपोर्टात चिकटवलेला.

"तिकडनं सुटले, हितं लागले न्हाई," नोराबाई म्हणाल्या. "गुरवारी कागद दावला न्हाई तर मी कुणाचीच न्हाई, बाई. त्रेसष्टाव्या वर्षी कुठं जाऊ?"

सुहासिनीबाईंनी फाईल उघडली. दिल्लीचं पत्र होतं. शपथपत्रं होती. आणि तो जाड, शिक्का उमटवलेला परकेपणाचा कागदही जागेवर होता. गेला होता तो एकटा पासपोर्ट.

"शेवटचा कधी पाहिलात?"

"शनवारी हितं आले हुते, धनश्रीकडं झेरॉक्स काढल्या. अमृतच्या गाडीतनं वर गेले. फाईल पेटीत ठिवली." नोराबाई थांबल्या. "घरी उघडली का ते ध्यान न्हाई."

हे त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. सुहासिनीबाईंनी मनात नोंद केली.

"रविवार, सोमवार घरी कोण कोण होतं?"

"मी आन् सोजरामावशी, येकाच छपराखाली ऱ्हातो आमी. आयतवारी तर मावशीनं चूलच पेटवली न्हाई. वार चांगला न्हाई म्हनली. मला डोकीवरनं पानी घेयाला लावलं, सोताबी न्हाली." नोराबाईंनी हात झटकला. "ऱ्हाऊ द्या. त्याचं हितं काय."

तेवढ्यात सुहासिनीबाईंचा मोबाईल वाजला. मुलाचा होता, शार्दूलचा, जर्मनीहून. त्या आत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाही रे, अजून नाही मिळाला जन्मदाखला. नगरपालिकेत हेलपाटे चालूच आहेत. आत्ता कुणीतरी आलंय, मग बोलते."

बाहेर आल्या तेव्हा नोराबाई आपल्या दोन चपलांकडे बघत होत्या. हातात दोन दिवस होते.

२

धनश्रीचं सेवा केंद्र स्टँडजवळ. आत एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर कायम दहा माणसं. धनश्री चटपटीत बाई, एका हाताने टाइप करायची आणि दुसऱ्याने लोकांना रांगेत लावायची. सुहासिनीबाईंना बघून तिने खुर्ची पुसली.

"मॅडम, माझ्याकडे नाही राहिला पासपोर्ट. मी दोन्ही वस्तू बाईंच्या हातात दिल्या. ड्रॉवर बघा, पाहिजे तर."

सुहासिनीबाईंनी खरंच बघितला. भलत्याच माणसांची आधार कार्डं निघाली, पासपोर्ट नाही.

"प्रत काढलीस ती आहे?"

मशीनपाशी एक जादा प्रत पडली होती. पासपोर्टाचं फोटोचं पान. पंचावन्नच्या आतबाहेरच्या नोराबाई, केस मागे बांधलेले. पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर मात्र एक काळा त्रिकोण उमटला होता. सुहासिनीबाईंच्या कपाळावर आठी आली. कचेरीत असली प्रत त्यांनी परत पाठवली असती.

"घडी पडलेली दिसली नाही का तुला?"

"घडी नाही मॅडम, दोनदा ठेवून बघितला. तसाच येत होता." धनश्रीने आवाज खाली आणला. "तुम्ही विचारताय म्हणून सांगते. बाई शेळ्यांची औषधं घ्यायला गेल्या तेव्हा फाईल अमृतकडे होती. पंधरा मिनिटं. आणि तो मला विचारत होता, बाई हितली नागरिक झाली तर घराच्या जागेवर तिचं नाव लागतं का?"

सुहासिनीबाईंनी झेरॉक्स घडी न घालता पिशवीत ठेवली. मग अमृतला फोन लावला. तो भोरातच होता, आणि तासाभरात वर निघत होता.

३

अमृत हा सोजराबाईंच्या दिराचा, नाथाचा मुलगा. तिशीतला, पिकअप बाळगून असलेला. वस्तीवरचं दूध खाली आणायचं आणि खालचा किराणा वर न्यायचा, हा त्याचा धंदा. नोराबाई मागे हौद्यात बसल्या. गाडीत त्यांना नेहमीच म्हशीच्या पेंडीशेजारी बसायला आवडतं, असं त्या म्हणत. सुहासिनीबाई पुढे बसल्या आणि भोर मागे पडेपर्यंत काही बोलल्या नाहीत. गप्प बसलं की समोरचा माणूस बोलतो, हे त्यांना कचेरीने शिकवलं होतं.

"धनश्रीनं सांगितलं ना तुमाला," अमृत शेवटी म्हणाला.

"काय?"

"जागेचं. तुमाला खोटं कशापायी सांगू? आमच्या बानं बाईला शब्द दिलाय, तू हितली झालीस का घराखालची जागा तुझ्या नावावर. कागद न्हाई, निस्ता शब्द. मला तिथं तंबू टाकायचंत, पुन्याची लोकं येत्यात पावसाळ्यात. बाईचा कागद गेला तर माझं बरंच हाय." त्याने गिअर बदलला. "पर म्या हात न्हाई लावला."

"फाईल उघडलीस मात्र."

त्याने आरशातून मागे हौद्याकडे बघितलं. "उघडली. दिल्लीच्या पत्राचा फोटो काढला, वकिलाला दावाया. पासपोर्ट हुता तवा. शनवारी बाईला वर सोडली आन् तसाच कामथडीला सासुरवाडीला गेलो. काल दिवस मावळता आलो. विचारा कुनालाबी."

सुहासिनीबाईंनी कामथडीला विचारलं नाही. त्यांना एक साधी गोष्ट दिसत होती. ज्याला दिल्लीचं पत्र वाचता येतं, त्याला शिक्क्याच्या कागदाची किंमतही कळते. पासपोर्टाची झेरॉक्स तरी हातात होती, त्यावर हातापाया पडून एखादवेळी मुदत मागता आली असती. परकेपणाचा कागद मात्र दोन दिवसांत पुन्हा मिळणं अशक्य. वाचणारा चोर तो नेईल. म्हणजे ज्याने पासपोर्ट नेला, त्याला अक्षर कळत नव्हतं. त्याला फक्त फोटो कळला होता.

हिर्डोशीच्या थांब्यावर टपालवाला रखमाजी बसलेला दिसला. निवृत्तीला सहा महिने राहिलेले. शुक्रवारचं पाकीट त्यानेच आणलं होतं. सुहासिनीबाईंनी गाडी थांबवायला सांगितली.

"पाकीट फोडलेलं होतं का, रखमाजी?"

"छ्या. चांगलं चिकटवल्यालं. बाईंची सही घेतली आन् दिलं." मग म्हाताऱ्याला बोलायला माणूस मिळालं. "सोजराबाई दारात हुभ्या हुत्या. पूर्वीची सवय. पूर्वी माझी सायकल दिसली का समद्या बाया दारात याच्या. पत्र हातात घेयाच्या आदी चारी कोपरं बघाच्या. आता कोन बघतंय? समद्या खबरी मोबाईलवर."

सुहासिनीबाई गाडीत बसल्या. चारी कोपरं. हे कुठेतरी ऐकलं होतं, फार पूर्वी, पण आठवेना. पुढचा रस्ता चढाचा होता.

४

पिकअप जिथे थांबते तिथून वस्ती अर्ध्या तासाच्या चालीवर. सगळी मिळून सात घरं. माघ संपत आलेला, गवत वाळून सोनेरी पडलेलं. नोराबाईंचं आणि सोजराबाईंचं घर एकच होतं, मध्ये कुडाची भिंत. अलीकडे औषधाच्या बाटल्या, सुया, शेळीला धरायचा खोडा. पलीकडे चूल.

उंबऱ्यापाशी सुहासिनीबाई थांबल्या. अंगण ताजं सारवलेलं होतं. ते कुठेही असतं. पण शेण पेटीपासून दारापर्यंत आणि दारापासून पार अंगणाच्या कडेपर्यंत एका सरळ पट्ट्यात सारवलेलं होतं. कुणी काही उचलून बाहेर नेलं आणि मागची वाट शुद्ध केली, असा तो पट्टा.

सोजराबाई गोठ्यात होत्या. ऐंशीच्या घरातली बारीक, ताठ म्हातारी. त्यांनी पाहुणीला पाणी दिलं, गूळ दिला आणि नोराबाईंच्या डोक्यावरून हात फिरवून कानाजवळ बोटं मोडली. मग त्यांच्या पायांकडे बघितलं, आतून दुसरी चामड्याची चप्पल आणली आणि पुढ्यात ठेवली.

"मावशी लई करत्यात दोन दिस," नोराबाई म्हणाल्या. "मीठ-मिरच्या ओवाळत्यात. एकटीला म्हशीकडं जाऊ देत न्हाईत."

सुहासिनीबाईंनी नोराबाईंना कुडाच्या अलीकडे नेलं.

"आता खरं सांगा. शनिवारी संध्याकाळी फाईल उघडलीत की नाही?"

नोराबाई बराच वेळ सुयांची डबी उघडझाप करत राहिल्या. "उघडली हुती. पासपोर्ट मांडीवर घेऊन बसले. चाळीस वर्सं या ना त्या पुस्तकात माझा फोटो असायचा आन् वर आमच्या देसाच्या वीणेचं चित्र. तुमाला काय सांगू. मी लई रडले, बाई. ताट तसंच ऱ्हायलं. मीच मागितलं, मीच सोडलं, मग रडायचं कशाला? म्हनून तुमाला बोलले न्हाई."

"सोजराबाईंनी बघितलं?"

"म्होरंच बसल्या हुत्या. इचारलं, काय झालं? काय सांगू तिला? म्हनलं, संपलं मावशी."

सुहासिनीबाईंनी पिशवीतून झेरॉक्स काढली. काळ्या त्रिकोणावर बोट ठेवलं. "आणि हे काय आहे? घडी नाही ना?"

"न्हाई. पासपोर्ट रद केला का कोपरा कापत्यात. कातरीनं. पुन्ना वापरता येऊ नये म्हनून."

सुहासिनीबाई खाली बसल्या. त्यांना आता सगळं आठवलं. सातवी-आठवीत असतानाची गोष्ट, दारात आलेलं एक पिवळं पोस्टकार्ड. आईने ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. वडिलांनी बाहेरच्या बाहेर वाचलं, तिथेच फाडलं आणि सगळ्यांना डोक्यावरून पाणी घ्यायला सांगितलं. कार्डाचे तीन कोपरे धड होते. चौथा फाडलेला, कुणी गेल्याची खबर असली की तेव्हा फाडत तसा.

५

सोजराबाई चुलीपुढे बसल्या होत्या. सुहासिनीबाई त्यांच्याशेजारी बसल्या, फार जवळ नाही. नोराबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"सोजराबाई, मला एक कागद दाखवायचा आहे," असं म्हणून सुहासिनीबाईंनी झेरॉक्स पुढे केली.

म्हातारीने बघितलं न बघितलं आणि पदर तोंडावर ओढून मागे सरकली. "त्यो घरात आनू नगा. बाहीर न्या आदी."

सुहासिनीबाई उठल्या, झेरॉक्स अंगणात नेऊन दगडाखाली ठेवली आणि परत येऊन बसल्या. एकतीस वर्षांत त्यांनी कागद जमिनीवर ठेवला नव्हता.

"पासपोर्ट तुम्ही नेलात," त्या म्हणाल्या. आवाजात दरारा नव्हता. "चोरीला नाही. तुम्हाला वाटलं, खबर आली आहे. नोराबाईंची."

नोराबाई दाराशी हलल्या. "मावशी?"

सोजराबाई चुलीतल्या राखेकडे बघत बोलू लागल्या.

"तुला ठावं हाय, माज्या संपतचं पत्र आलं हुतं. ममईहून, गोदीतनं. मला वाचाया येत न्हाई. म्हाताऱ्याला येत न्हवतं. तू तवा वेल्ह्याकडं गेलीवतीस शेरडं टोचाया. तू येस्तवर दोन दिस ते पत्र त्या फळीवर हुतं. कोपरा फाडल्याला मला दिसला हुता गं. म्या मनाला म्हनलं, टपालात फाटला आसंल. दोन दिस चूल पेटवली, जेवले, हासले. माजं लेकरू तिकडं जळून राक झालं आन् हितं म्या भाकरी थापीत हुते. मग वरीस फिरंना तवर म्हाताराबी गेला. आसली खबर छपराखाली ठिवली का ती आनिक एकाला नेती. रीत हाय ती. म्या रीत मोडली."

सोजराबाईंनी चिमट्याने राख सारखी केली.

"शनवारी तुझ्या हातात त्येच. फटू तुझा. कोपरा कापल्याला. ताटाला हात लावला न्हाईस, आन् मला म्हनलीस, संपलं. म्या काय समजाचं? येगळ्या देसाची रीत आसंल, जिच्यात जायच्या आदी खबर येती. या बारीला म्या दोन दिस थांबनार न्हवते."

"फाडलात का?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"फाडायचाच असतो त्यो," सोजराबाई म्हणाल्या. "हातात घेतला बी हुता."

६

वस्तीमागच्या टेकाडावरच्या बिरोबाच्या ठाण्याला भिंती नाहीत. शेंदूर लावलेले तीन दगड आणि भोवती रचलेला गडगा. आयतवारी उजाडताना सोजराबाई गुडघे धरत एकट्या इथवर चढल्या होत्या. आता मंगळवारच्या तिसऱ्या प्रहरी पुढे त्या, मागे नोराबाई आणि सर्वांत मागे धापा टाकत सुहासिनीबाई.

मधल्या दगडामागे एक सपाट शिळा होती. नोराबाईंनी ती उचलली. खाली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात खणाचा तुकडा, आणि तुकड्यात पासपोर्ट. भंडाऱ्याने पिवळा झालेला, पण अख्खा.

"फाडला न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडावर हात कसा टाकू? मग म्हनलं देवाला, ही खबर तू तुझ्यापाशी ठिव. खाली येऊ देऊ नगंस."

नोराबाई दगडावर बसल्या आणि या वेळी लपवल्याशिवाय रडल्या. सोजराबाईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. सुहासिनीबाई जरा दूर जाऊन खालच्या धरणाच्या पाण्याकडे बघत राहिल्या, कारण तिथे उभं राहायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं.

"खबर खोटी न्हाई, मावशी," थोड्या वेळाने नोराबाई म्हणाल्या. "येक बाई गेलीच हाय. माझ्या आईनं जिला नाव ठिवलं, ती. तिला आता त्या देसात कुनी वळखनार न्हाई. आईच्या मातीला जायचं म्हनलं तरी पावनी म्हनून जावं लागंल."

सोजराबाईंनी बराच विचार केला. "मग तिचं सुतक धरलं ते बरूबरच केलं," त्या म्हणाल्या. "आयतवारपासनं धा दिस धरू. दहाव्याला भात ठिवू. कावळा शिवला न्हाई तर म्या सांगन तुझ्या आईला, पोरगी हाय माझ्यापाशी." मग पासपोर्टाकडे हनुवटी करून म्हणाल्या, "पर ते परत घरात न्हाई यायचं. हितनं सरळ सायबाकडं."

म्हणून पासपोर्ट दोन रात्री सुहासिनीबाईंच्या पिशवीत, भोरला राहिला.

गुरुवारी अकराला पुण्याच्या कार्यालयात लिपिकाने तो उघडला आणि बोटाला लागलेला पिवळा रंग बघितला. "हे काय आहे, मॅडम? डाग पडलेत. अस्सल कागद असे ठेवतात का?"

एकतीस वर्षं हेच वाक्य सुहासिनीबाईंनी लोकांना ऐकवलं होतं.

"देवाच्या ताब्यात होता," त्या म्हणाल्या. "पुसू नका. कोपरा तेवढा बघून घ्या, तो तुमच्याच नियमाने कापलेला आहे."

नोराबाईंनी उभं राहून शपथ वाचली. मराठीतली, छापील, शुद्ध. वाचता वाचता एका ठिकाणी त्यांच्या तोंडून छापील 'मी'च्या जागी "आमी" निघालं. साहेबांनी मान वर केली आणि सही केली.

सोजराबाई बाहेर वडाच्या पारावर बसून होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," नोराबाई म्हणाल्या. म्हातारीने नव्या कागदाचे चारी कोपरे एकेक करून बोटाने चाचपले आणि मगच तो कपाळाला लावला. माय मरो आणि मावशी जगो, असं लोक सहज बोलून जातात. सुहासिनीबाईंना त्या दिवशी ते नीट ऐकू आलं.

संध्याकाळी त्या भोरला घरी आल्या, हातपाय धुतले आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली एक लिफाफा होता. शार्दूलचा जन्मदाखला, नगरपालिकेच्या शिक्क्याचा. दिल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची. जिच्या टेबलावरून कधी एक चिठ्ठी हरवली नाही, तिने आपल्या मुलाचा कागद स्वतःच दाबून ठेवला होता. दाखला गेला की अर्ज होईल, अर्ज झाला की पोरगा तिकडचा होईल, एवढंच तिला कळत होतं. वस्तीवर सोजराबाईंकडे बघताना जे मधूनमधून टोचत होतं, ते हेच.

त्यांनी फोन लावला.

"शार्दूल, दाखला उद्या पाठवते."

"मिळाला? कधी मिळाला?"

"चार महिने झाले. कपाटात होता."

पलीकडे त्याने कुठलंसं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "आई, मला थोडा अंदाज होता." आणखी काही तो म्हणाला नाही, याबद्दल त्या मनातून त्याच्या ऋणी झाल्या.

"एक कर," त्या म्हणाल्या. "तुझा इकडचा पासपोर्ट रद्द होऊन परत येईल. त्याचा कोपरा कापलेला असेल. तो तिकडे कुठे टाकू नकोस, मला पाठव."

"कशाला गं? त्याचा आता काय उपयोग?"

"असला कागद घरात ठेवत नाहीत म्हणे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मी ठेवीन."

मग त्यांनी लिफाफ्यावर पत्ता लिहिला, जुन्या सवयीने कोपऱ्यात जावक क्रमांक घातला आणि सकाळी टपाल कचेरी उघडायच्या वेळी निघायचं म्हणून तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला.